फसवे मित्र

रायगड जिल्ह्यातील पेण हे गाव गणेशमूर्तींसाठी सर्वत्र प्रसिद्ध आहे. गावात, तसेच हमरापूर, जोहे यांसारख्या आसपासच्या खेड्यांत, वर्षाचे बाराही महिने मूर्ती घडविण्याचे काम चालते. साच्यातून निघालेल्या पांढऱ्याशुभ्र मूर्तींच्या रांगा कारखान्याच्या माळ्यापर्यंत चढलेल्या असतात. आषाढ लागला की रंगकामास वेग येतो आणि श्रावणात डोळ्यांची आखणी करणाऱ्या कारागिरास मान वर करावयास उसंत मिळत नाही. येथील मूर्ती मुंबई-पुण्यास जातात, परराज्यांत जातात आणि समुद्र ओलांडून मॉरिशससारख्या दूरच्या बेटावरही जातात.

मॉरिशसमध्ये कोकणातून गेलेल्या मराठी माणसांचे वंशज आज कित्येक पिढ्या राहत आहेत. १८३४ पासून उसाच्या मळ्यांत काम करण्यासाठी हिंदुस्थानातून तेथे मजूर नेण्यात आले, त्यांत ही मंडळी होती. गणेशचतुर्थीस तेथे सार्वजनिक सुट्टी असते. त्या बेटावर १७१५ ते १८१० पर्यंत फ्रेंचांची सत्ता होती व नंतर इंग्रजांची आली. त्यामुळे सरकारी कामकाज इंग्रजीत चालत असले, तरी वृत्तपत्रे आणि पत्रव्यवहार यांत फ्रेंच भाषा आजही नांदते आहे.

आता समजा, मॉरिशसमधील एखाद्या मराठी कुटुंबाने पेणच्या एका मूर्तिकारास फ्रेंच भाषेत चार ओळींचे पत्र फोनवरून पाठविले. मूर्तिकारास फ्रेंच येत नाही, पण कामापुरते इंग्रजी येते. आणि फ्रेंच भाषेची अक्षरे तीच असल्यामुळे पत्रातील काही शब्द त्याच्या ओळखीचे निघतात. ‘फिगर’ असे त्यास दिसते. इंग्रजीत त्याचा अर्थ आकृती. तेव्हा मूर्तीविषयी काही म्हटले आहे, असे तो धरून चालतो. त्यापुढे ‘लार्ज’ हा शब्द आहे. म्हणजे मूर्ती मोठी हवी! पुढच्या ओळीत ‘एम, ए, आय, एन’ अशी चार अक्षरे आहेत, तो शब्द ‘मेन’, म्हणजे मुख्य. शेवटी ‘कॉशन’ हा शब्द पाहून तो किंचित दचकतो, कारण इंग्रजीत ती सावधगिरीची सूचना. मूर्ती जपून पाठवा, असे ते लिहीत असावेत, असा अर्थ लावून तो कामास लागतो आणि तीन फुटांऐवजी पाच फुटांची मूर्ती उभी करतो.

पत्रात मूर्ती मोठी करण्याविषयी एक अक्षरही नव्हते. फ्रेंच भाषेत ‘फिगर’ म्हणजे चेहरा, आणि ‘लार्ज’ म्हणजे रुंद. ज्या चार अक्षरांस तो ‘मेन’ असे वाचत होता, त्यांचा फ्रेंच उच्चार ‘मँ’ असा सानुनासिक असून अर्थ ‘हात’ असा आहे. ‘कॉशन’ची अक्षरे फ्रेंच मनुष्य ‘कोस्यों’ अशी उच्चारतो आणि त्यांचा अर्थ अनामत रक्कम असा करतो. गणपतीचा चेहरा थोडा रुंद असावा, हात असा असावा, आणि अनामत रक्कम पाठवीत आहोत, एवढेच ग्राहकाने लिहिले होते. जे पत्र अगदीच कळले नसते तर मूर्तिकाराने कोणा जाणकारास दाखविले असते, ते अर्धवट ओळखीचे निघाले, म्हणून त्याने कोणासही विचारले नाही. पत्र चिनी भाषेत असते तर ही चूक कधीच घडली नसती.

अशा शब्दांस फ्रेंच लोक ‘फसवे मित्र’ म्हणतात. मॅक्सिम केसलर आणि ज्यूल दरोकिन्यी या दोन फ्रेंच पंडितांनी १९२८ मध्ये इंग्रजीतील अशा शब्दांवर एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला व त्यास हेच नाव दिले. तेव्हापासून हे नाव जगभर रूढ झाले. या दोन भाषांत असे शब्द इतके विपुल असण्याचे कारण इतिहासात आहे. १०६६ मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतातील विल्यमने इंग्लंड जिंकले. पुढे कित्येक पिढ्या इंग्लंडच्या दरबारात आणि न्यायालयांत फ्रेंच भाषा चालली आणि हजारो फ्रेंच शब्द इंग्रजीच्या घरी राहावयास आले. घर बदलल्यावर माणसाच्या सवयी बदलतात, तसे या शब्दांचे अर्थ हळूहळू बदलले. काही शब्दांचा मात्र एकमेकांशी नातेसंबंधही नाही. केवळ योगायोगाने त्यांचे रूप सारखे झाले आहे. ‘पी, ए, आय, एन’ या अक्षरांनी इंग्रज मनुष्यास वेदना आठवते, तर फ्रेंच मनुष्यास पाव आठवतो. ‘सी, एच, ए, आय, आर’ म्हणजे इंग्रजीत खुर्ची आणि फ्रेंचमध्ये मांस. फ्रेंच ‘लिब्रेरी’ हे पुस्तकांचे दुकान असून तेथे पुस्तक फुकट वाचावयास मिळेल या आशेने जाणाऱ्या इंग्रजास पैसे मोजावे लागतात.

पेण तालुक्याचा फ्रेंच भाषेशी आणखीही एक संबंध आहे. याच तालुक्यातील गागोदे या लहानशा गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी आचार्य विनोबा भावे यांचा जन्म झाला. पुढे बडोद्यास शिकत असताना त्यांनी वडिलांच्या सांगण्यावरून दुसरी भाषा म्हणून फ्रेंच घेतली. मुलाने संस्कृत शिकावे, अशी आईची इच्छा होती. आईची इच्छाही पुढे पुरी झाली. विनोबांनी भारतातील बहुतेक प्रमुख भाषा आत्मसात केल्या आणि या सर्व भाषांनी आपापल्या लिपीबरोबरच नागरी लिपीचाही उपयोग करावा, असा आग्रह धरला. एका लिपीमुळे भाषा परस्परांच्या जवळ येतील, हा त्यांचा विचार उदात्त होता आणि बऱ्याच अंशी खराही होता. तथापि लिपी एक झाली म्हणजे अर्थही एक होतो, असे मात्र नाही. मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषा नागरी लिपीतच लिहिल्या जातात आणि नेमक्या त्यामुळेच त्यांच्यातील फसवे मित्र ओळखणे कठीण जाते.

हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण. मराठी मुलाने ‘शिक्षा मंत्री’ हे शब्द प्रथम वाचले म्हणजे मुलांना छड्या मारण्याचे खाते सांभाळणारा कोणी अधिकारी त्याच्या डोळ्यांपुढे उभा राहतो. संस्कृतात या शब्दाचा मूळ अर्थ शिकणे, शिकविणे असाच होता. मराठीत तो दंडाकडे का वळला, हे सांगणे अवघड आहे. परंतु जुन्या शाळांची शिस्त ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना या अर्थबदलाचे फारसे नवल वाटत नाही. ‘चेष्टा’ हिंदीत प्रयत्न, आणि मराठीत थट्टा. ‘संसार’ हिंदीत अवघे जग. मराठीत बहुधा चार भिंती, चूल आणि मुलेबाळे एवढाच त्याचा विस्तार. हिंदी भाषकाने ‘मेरी पीठ में दर्द है’ म्हटले तर त्याच्या पिठास काही झालेले नसते. दुखत असते ती पाठ.

या सर्वांत बोधप्रद शब्द आहे ‘राजीनामा’, आणि त्यासाठी पेणहून रोह्यास जावे लागेल. अंतर फार नाही. आगगाडीने नागोठण्यावरून, अंबा नदी ओलांडून गेले की कुंडलिका नदीच्या काठी रोहा लागते. चिंतामणराव देशमुख यांचे बालपण या गावी गेले. त्यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळील नाते या गावी झाला. म्हणजे विनोबांहून ते अवघ्या चार महिन्यांनी लहान. १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनी मिळविली. १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. पुढे ते देशाचे अर्थमंत्री झाले. परंतु १९५६ मध्ये मुंबई शहर महाराष्ट्रापासून वेगळे ठेवण्याचा बेत दिसताच त्यांनी त्या पदाचा राजीनामा दिला.

हे शेवटचे वाक्य मराठी वाचकास सरळ समजते. ‘राजीनामा’ हा शब्द मात्र हिंदीतही आहे, उर्दूतही आहे, आणि तेथे त्याचा अर्थ तडजोड किंवा संमतिपत्र असा आहे. पद सोडण्यास हिंदीत ‘इस्तीफा’ किंवा ‘त्यागपत्र’ म्हणतात. म्हणून एखाद्या हिंदी वाचकाने मराठी वृत्तपत्रात ‘मुंबईच्या प्रश्नावर देशमुखांचा राजीनामा’ असा मथळा वाचला, तर देशमुखांनी समेट केला, असा नेमका उलटा अर्थ त्याच्या मनात भरेल. मूळ फारसी शब्दाचा अर्थ हिंदीतल्याप्रमाणेच आहे: राजी असल्याचे लिहून दिलेले पत्र. पूर्वी मुंबई इलाख्यातील महसुली दप्तरांत, जमीन सोडून देण्यास आपण राजी आहोत, असे खातेदार लिहून देई, त्यास ‘राजीनामा’ म्हणत, आणि ती जमीन पत्करणाऱ्याच्या कागदास ‘कबुलायत’. सोडण्याची संमती ती राजीनामा. मग संमती मागे पडली आणि सोडणे तेवढे उरले. शब्द कोणास फसवावे म्हणून बदलत नाहीत. ते वापरणाऱ्यांच्या गरजेप्रमाणे झिजतात व वळतात. भाषेतील फसव्या मित्रांच्या मनात कपट नसते.

फोनमधील फसव्या मित्रांविषयी तसे म्हणता येत नाही. ते कोणीतरी जाणूनबुजून घडविलेले असतात, आणि ते घडविणाऱ्याने माणसाच्या वाचनाच्या सवयी चांगल्या अभ्यासिलेल्या असतात. वाचणारा मनुष्य प्रत्येक अक्षर तपासत नाही. ओळखीचा आकार दिसताच त्याचे मन उरलेला भाग स्वतःच भरून काढते. घाईने लिहिलेला ‘रवा’ हा शब्द ‘खा’ असा वाचला जातो, हा अनुभव प्रत्येक घरातील वाणसामानाच्या यादीने दिलेला आहे. रोमन लिपीत ‘आर’ आणि ‘एन’ ही दोन लहान अक्षरे शेजारी बसली म्हणजे दुरून ‘एम’ दिसतात. शून्य आणि ‘ओ’ यांचेही तसेच. एखाद्या बँकेच्या नावात असे एक अक्षर बदलून कोणी नवे संकेतस्थळ उघडले, तर फोनच्या चार बोटे रुंद पडद्यावर तो बदल कोण पाहणार?

याहून सूक्ष्म प्रकारही आहे. रशियन भाषेच्या सिरिलिक लिपीत काही अक्षरे रोमन अक्षरांसारखी हुबेहूब दिसतात. परंतु संगणकाच्या दृष्टीने ती पूर्णपणे वेगळी असतात. २०१७ मध्ये एका संशोधकाने केवळ सिरिलिक अक्षरे वापरून ‘ॲपल’ या कंपनीच्या पत्त्यासारखा दिसणारा पत्ता नोंदवून दाखविला. त्याचा हेतू लोकांस सावध करणे हा होता. काही प्रसिद्ध ब्राउझरांत तो पत्ता खऱ्या पत्त्यासारखाच दिसे; डोळ्यांनी भेद कळणे अशक्य होते. त्यानंतर ब्राउझर बनविणाऱ्यांनी आपल्या व्यवस्थेत सुधारणा केली. येथे मनुष्याच्या निष्काळजीपणास दोष देता येणार नाही, हे मान्य केले पाहिजे.

परंतु बहुतेक फसवणूक इतकी कुशल नसते. तिच्यापासून वाचण्यास मराठी व्याकरणातील एक जुना नियम पुरेसा आहे, आणि तो नियम म्हणजे तत्पुरुष समासाचा. तत्पुरुष समासात दुसरे पद प्रधान असते, हे शाळेत शिकविले जाते. ‘राजपुत्र’ म्हणजे पुत्र, राजा नव्हे. ‘देवघर’ म्हणजे घर. ‘पोळपाट’ शब्दात पोळी कितीही ठळक असली, तरी पोळपाट खाता येत नाही. शब्द कशाविषयी आहे ते पहिले पद सांगते. शब्द काय आहे ते शेवटचे पद सांगते. संकेतस्थळाचा पत्ताही असाच शेवटाकडून वाचावयाचा असतो. पहिली तिरपी रेघ येण्यापूर्वी जो भाग आहे, त्याच्या शेवटी खरा मालक बसलेला असतो. ‘अमुकबँक.खातेतपासणी.कॉम’ असा पत्ता आला, तर तो अमुक बँकेचा नव्हे. तो ‘खातेतपासणी.कॉम’ या नावाच्या कोणा अज्ञात मालकाचा आहे, आणि बँकेचे नाव त्याने दारावर पाटीसारखे लटकविले आहे. पुष्कळ लोक पत्त्याचा पहिला शब्द वाचूनच आत शिरतात.

चिंतामणराव ज्या रिझर्व्ह बँकेचे एके काळी गव्हर्नर होते, तिने या बाबतीत २०२५ मध्ये एक चांगली व्यवस्था केली. भारतातील बँकांनी आपल्या संकेतस्थळांचे पत्ते ‘.बँक.इन’ या रोमन अक्षरांतील शेवटावर आणावेत आणि हे काम ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत पुरे करावे, असे तिने ठरवून दिले. हा शेवट कोणासही विकत घेता येत नाही. हैदराबाद येथील बँकिंग तंत्रज्ञान विकास व संशोधन संस्थेकडून तो केवळ बँकांनाच दिला जातो. एकंदरीत उत्तरपद प्रधान हा नियमच बँकांना लावण्यात आला. तरीही डोळे उघडे ठेवावे लागतात. टिंबाच्या जागी आडवी रेघ घालून ‘अमुकबँक-बँक-इन.कॉम’ असा पत्ता कोणी तयार केला, तर त्याचा शेवट ‘.कॉम’ आहे, आणि सर्व काही त्या शेवटावर अवलंबून आहे.

हाच नियम फोनवर येणाऱ्या फायलींनाही लागू पडतो. अलीकडच्या वर्षांत लग्नपत्रिकेच्या रूपाने फसवणूक करण्याचा एक प्रकार देशभर पसरला. ‘पत्रिका’ हा शब्दही गमतीचा आहे. हिंदीत पत्रिका म्हणजे मासिक. मराठीत प्रसंगाप्रमाणे ती जन्मपत्रिका असते किंवा लग्नपत्रिका. पण फोनवर आलेली ही पत्रिका यांपैकी काहीच नसते. फाइलच्या नावात आरंभी ‘लग्नपत्रिका’ असे असले, तरी शेवटी टिंब देऊन ‘ए, पी, के’ अशी तीन अक्षरे असतात. ती अक्षरे अँड्रॉइड फोनमध्ये बसणाऱ्या ॲपची खूण होय. छापील पत्रिकेचे चित्र असते तर शेवटी ‘जेपीजी’ किंवा ‘पीडीएफ’ अशी अक्षरे असती. कोकणात वैशाखात लग्नांची दाटी असते, आणि घरोघरी पत्रिकांवर पत्रिका येत असतात. अशा वेळी नाव ओळखीचे नसले तरी, कोणा दूरच्या नातलगाचे कार्य असेल, या भिडेने मनुष्य ती फाइल उघडतो. पुष्कळदा तर ती ओळखीच्याच माणसाच्या क्रमांकावरून येते, कारण त्याचा फोन आधीच परक्याच्या ताब्यात गेलेला असतो.

ॲप बसले की ते एकेक परवानगी मागू लागते. संदेश वाचू का? संपर्कयादी पाहू का? प्रश्न इंग्रजीत असतो आणि खाली ‘अलाउ’ हा शब्द असतो. तो दाबल्याशिवाय पुढे जाता येत नाही, म्हणून तो दाबला जातो. वस्तुतः हा कागद जुन्या अर्थाचा राजीनामाच आहे: आपले घर परक्याच्या हवाली करण्यास आपण राजी आहोत, असे लिहून देणे. त्यानंतर बँकेकडून येणारा एकवेळचा गुप्त क्रमांक, ज्यास लोक ओटीपी म्हणतात, तो धन्याने वाचण्यापूर्वीच चोराकडे पोहोचतो. पत्रिका दाखवावयास निमंत्रण लागते. संदेश वाचण्याची परवानगी कशास लागावी, हा प्रश्न त्या क्षणी ज्यास सुचला, तो वाचला.

रोह्याहून कुंडलिका नदी पश्चिमेकडे वाहत जाऊन रेवदंड्याजवळ समुद्रास मिळते. तिच्या मुखाशी, दक्षिण तीरावर कोर्लईचा किल्ला आहे. या भागावर पोर्तुगीजांची सत्ता होती. १७४० मध्ये ते येथून गेले. परंतु किल्ल्याच्या पायथ्याशी कोर्लई गावातील ख्रिस्ती कुटुंबे पोर्तुगीजमधून उद्भवलेली एक बोली आजही घरात बोलतात. पावणेतीनशेहून अधिक वर्षे, सभोवती सर्वत्र मराठी असताना, एका लहानशा वस्तीने ही बोली जपली, ही सामान्य गोष्ट नव्हे. मराठीनेही पोर्तुगीजांकडून पुष्कळ शब्द घेतले आहेत. पाव, बटाटा, चावी हे त्यांपैकीच. त्यांतच एक ‘पगार’ आहे. पोर्तुगीज भाषेत हे क्रियापद असून त्याचा अर्थ ‘पैसे देणे, चुकते करणे’ असा होतो. मराठीत पगार ही महिन्याच्या अखेरीस हाती येणारी रक्कम आहे. अक्षरे तीच, पैसाही तोच. परंतु एकीकडे तो हातातून जातो आणि दुसरीकडे हातात येतो.

फोनवरून पैसे पाठविण्याच्या पद्धतीत जी फसवणूक सर्वाधिक साधी आहे, ती या दिशेच्या घोटाळ्यावरच उभी आहे. वर सांगितलेल्या मूर्तिकारास आता दुसरा एक ग्राहक भेटतो, असे समजू. तो फोनवर गोड बोलतो, वीस मूर्ती हव्यात म्हणतो, भावात घासाघीस करीत नाही. आगाऊ रक्कम आताच पाठवितो म्हणून तो चौकोनी ठिपक्यांचे एक चित्र पाठवितो, ज्यास क्यूआर कोड म्हणतात. “हे स्कॅन करा आणि आपला पिन टाका, म्हणजे पैसे तुमच्या खात्यात येतील,” असे तो सांगतो. गणपतीच्या हंगामात रंग, माती, मजुरी यांसाठी पैशांची निकड असतेच. मूर्तिकार पिन टाकतो आणि त्याच्या खात्यातून तितकी रक्कम निघून जाते. पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही. पिन लागतो तो देण्यासाठी. क्यूआर कोड स्कॅन करणारा देतो. ज्याचा कोड आहे तो घेतो. बाजारात भाजीवालीच्या टोपलीशेजारी हा कोड रोज दिसतो आणि कोण कोणास पैसे देतो, याविषयी तेथे कोणाच्याही मनात संदेह नसतो. दुकानात जे लख्ख दिसते, तेच फोनवर एक गोड आवाज उलटे करून दाखवितो आणि चांगला व्यवहारी मनुष्य त्यावर विश्वास ठेवतो.

अशा फसवणुकीस अशिक्षितच बळी पडतात, हा समज चुकीचा आहे. ज्यास अजिबात इंग्रजी येत नाही, तो शेजारच्या मुलास फोन दाखवितो. ज्यास थोडे येते, तो विचारीत नाही. फ्रेंच पत्र वाचणाऱ्या मूर्तिकाराचे तेच झाले होते. फसविणाऱ्याची सारी भिस्त घाईवर असते. आज रात्री वीज तोडली जाईल, एका तासात खाते बंद होईल, असे तो सांगत असतो. कारण ऐकणाऱ्याने फोन खाली ठेवून बँकेच्या पासबुकावर छापलेल्या क्रमांकावर विचारणा केली, तर त्याचा डाव तेथेच संपतो. म्हणून जुन्या काळी तार आली की ती गावातल्या जाणत्या माणसाकडून वाचून घेत, तसा संशयास्पद संदेश घरातील दुसऱ्या माणसास मोठ्याने वाचून दाखविणे फार उपयोगी पडते. मोठ्याने वाचताना प्रत्येक अक्षर उच्चारावे लागते, आणि डोळ्याने गिळलेले अक्षर जिभेवर येऊन अडते.

इतके करूनही पैसे गेलेच, तर लाजेने गप्प बसू नये. बहुतेकांचे खरे नुकसान या गप्प बसण्यात होते. १९३० हा क्रमांक देशभर याच कामासाठी ठेवलेला आहे. चोराने पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात हलविण्यापूर्वी तेथे तक्रार पोहोचली, तर मधल्या बँकेत ती रक्कम अडविता येते. काही तासांनंतर ते कठीण होते. त्याच वेळी आपल्या बँकेसही कळवावे आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा. ग्राहकाने स्वतःचा पिन किंवा ओटीपी दिला असला तरी, बँकेस कळविल्यानंतर पुढे जे नुकसान होईल ते बँकेने सोसावयाचे, असे रिझर्व्ह बँकेने २०१७ च्या परिपत्रकात सांगितले होते. म्हणून कळविल्याची वेळ नोंदलेली असणे महत्त्वाचे. फोनमध्ये परके ॲप शिरले असेल, तर प्रथम इंटरनेट बंद करावे आणि १९३० ला तसेच बँकेस दुसऱ्याच्या फोनवरून कळवावे.

राहता राहिले मॉरिशसचे पत्र. ते ज्या मूर्तिकाराने घाई न करता गावातील कोणा फ्रेंच जाणणाऱ्यास किंवा भाषांतर करणाऱ्या यंत्रास दाखविले, त्यासही शंका उरणारच. कारण यंत्रेदेखील फसव्या मित्रांपुढे कधी कधी चुकतात. तेव्हा त्याने ग्राहकास उलट लिहावे: मूर्तीची उंची किती इंच, चेहऱ्याची रुंदी किती इंच, हात कसा, याचे कागदावर चित्र काढून त्यावर आकडे घालून पाठवावे. फूटपट्टीवरील इंच पेणमध्ये आणि मॉरिशसमध्ये सारखाच असतो.